बाबा आमटे बसू का शकत नव्हते? कण्याचा आजार, मेंदूतलं पाणी आणि उतारवयातली अडखळती चाल

चिपळूण : डिसेंबर 1985. कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर आणि त्यांचे म्होरके गाडीतल्या बिछान्यावर आडवे. 71 वर्षांच्या बाबा आमटेंना बसताच येत नसे. उभं राहायचं, नाहीतर झोपायचं.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटच्या सधन जमीनदार कुटुंबात झाला. वकिली केली, वरोऱ्यात नगरपालिकेचं उपाध्यक्षपद सांभाळलं आणि त्याच गावात सफाई कामगारांसोबत डोक्यावरून मैलाही वाहिला. पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी घाबरून पळाले होते. पुढचं सगळं आयुष्य त्या भीतीला दिलेलं उत्तर आहे. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. साधनाताई, काही कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. पहिल्या विहिरी त्यांनीच खणल्या.

पुढे मान आणि कंबर दोन्हीकडे स्पॉन्डिलोसिस झाला, म्हणजे मणक्यांची आणि मधल्या चकत्यांची झीज. ती वय, आनुवंशिकता, कष्ट अशा अनेक कारणांनी होते. आधाराशिवाय बसलं की कंबरेच्या चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो आणि आडवं झालं की तो सर्वांत कमी होतो. बाबांच्या त्या बिछान्यामागचं गणित हेच.

बाबांचं दुखणं उघड दिसणारं होतं. अनेक वृद्धांचं तसं नसतं. मानेतली जागा अरुंद होऊन मज्जारज्जू दाबला गेला, तर चाल डगमगते, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, लघवीची घाई होते. पण चाल आणि लघवीच्या याच तक्रारी मेंदूतल्या पाण्यामुळेही होतात. मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं हे द्रव शरीर रोज साधारण अर्धा लिटर बनवतं आणि तेवढंच शोषतं. निचरा बिघडला की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. दाब मोजला तर बहुतेकदा नॉर्मल! म्हणूनच आजाराचं नाव ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांनी 1960च्या दशकात तो ओळखला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवी आवरत नाही, विसरभोळेपणा वाढतो.

खरी अडचण एकाच आजोबांना दोन्ही असतात तेव्हा येते. कंबरेचं ऑपरेशन होतं, पाय दुखायचे थांबतात, चाल मात्र सुधारत नाही. मग घरात ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. विसरभोळेपणा सोबत असेल तर मेंदूचा, हातांची पकड गेली असेल तर मानेचा एमआरआय आधी आठवावा. कधी दोन्ही लागतात. कमरेतून 30 ते 50 मिली द्रव काढून चाल सुधारते का, हेही पाहतात. सुधारली तर जादा द्रव पोटात सोडणारी नळी, म्हणजे शंट, बसवण्याचा विचार होतो. मात्र कंबरेतली जागा फार अरुंद असली, तर ही चाचणी करणंही कठीण जातं. चिऱ्याच्या पायरीवर पाय अडखळायला लागला, की तो कधीपासून अडखळतो हे घरच्यांनी लिहून ठेवलेलं बरं. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

बाबा थांबले नाहीत. 1988 मध्ये त्यांनी अरुणाचलहून गुजरातकडे दुसरी यात्रा काढली. 1990 मध्ये आनंदवन सोडून ते मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले आणि धरणग्रस्तांच्या लढ्यात उतरले. वय 75, बिछाना सोबतच. अखेर त्यांना गाठलं ते कण्यानं नाही, रक्ताच्या कर्करोगानं. 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. दहन न करता तिथल्याच मातीत त्यांना पुरण्यात आलं.