हर्बर्ट चॅपमन : खर्चाच्या नियमांनी घडवलेला आणि अडवलेला फुटबॉल व्यवस्थापक

प्रायोजकांकडून येणारा पैसा, खेळाडूंवर होणारा खर्च आणि त्या खर्चाला नियमांनी घातलेली मर्यादा हा आजच्या युरोपीय फुटबॉलमधील सर्वांत वादाचा विषय आहे. तोट्याची ठरवून दिलेली मर्यादा ओलांडल्याबद्दल इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दोन क्लबांचे गुण कापण्यात आले. मात्र हा वाद आजचा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका व्यवस्थापकाची सारी कारकीर्द याच नियमांच्या चौकटीत घडली, एकदा तर याच नियमांमुळे ती संपल्यात जमा झाली होती. हडर्सफील्ड टाउन आणि आर्सेनल या क्लबांना इंग्लिश फुटबॉलच्या शिखरावर नेणारे हर्बर्ट चॅपमन हे ते व्यवस्थापक होत.

खाणकामगाराचा मुलगा

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी इंग्लंडमधील शेफील्डजवळच्या किव्हेटन पार्क या खाणवस्तीत झाला. वडील कोळशाच्या खाणीत काम करीत. हर्बर्ट यांनी खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि त्याच्या जोडीने ते फुटबॉल खेळत राहिले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द सामान्यच होती. ग्रिम्सबी, नॉर्थॅम्प्टन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम अशा अनेक क्लबांकडून ते खेळले, परंतु कोठेही फार काळ स्थिरावले नाहीत. फिकट पिवळ्या रंगाचे बूट घालणारा खेळाडू एवढीच त्यांची त्या काळातील ओळख होती.

१९०७ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनने त्यांच्याकडे संघाची सूत्रे सोपवली. दोनच वर्षांत या क्लबाने सदर्न लीगचे विजेतेपद पटकावले. १९१२ मध्ये ते लीड्स सिटी या दुसऱ्या श्रेणीतील क्लबाचे व्यवस्थापक झाले.

आठवड्याला चार पौंड

चॅपमन यांची पुढील वाटचाल समजून घेण्यासाठी त्या काळातील नियम पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये १९०१ पासून खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. आरंभी ती आठवड्याला ४ पौंड होती. महायुद्धानंतर ती वाढली आणि १९२२ पासून हंगामात ८ पौंड व उन्हाळ्यात ६ पौंड एवढी राहिली. खेळाडू कितीही गुणवान असला, क्लब कितीही श्रीमंत असला, तरी त्याहून अधिक पगार देणे हा गुन्हा मानला जाई. मोठ्या शहरांतील क्लबांनी पैशाच्या बळावर सर्व चांगले खेळाडू ओढून नेऊ नयेत आणि लहान गावांचे क्लब टिकून राहावेत, हा या नियमामागचा हेतू होता. क्लबाच्या भागधारकांना वाटल्या जाणाऱ्या लाभांशावरही मर्यादा होती.

खेळाडूच्या बदलीसाठी एका क्लबाने दुसऱ्या क्लबाला द्यावयाच्या रकमेवर मात्र असे बंधन नव्हते. १९०८ मध्ये ३५० पौंडांची मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला, पण तो काही महिन्यांतच सोडून देण्यात आला. परिणामी खेळाडूची किंमत वाढत गेली, त्याचा पगार मात्र जागीच राहिला. बदलीची रक्कम क्लबाच्या तिजोरीत जाई. खेळाडूच्या हाती कायदेशीरपणे पडणारा वाटा नगण्य असे. या विषमतेतूनच टेबलाखालून पैसे देण्याची रीत रूढ झाली.

लीड्समध्ये आल्यावर चॅपमन यांनाही या नियमाची झळ लवकरच बसली. नव्या खेळाडूंना दिलेला पगार मर्यादेबाहेर गेल्याने क्लबाला दंड भरावा लागला. पण खरे संकट पुढे होते.

आजन्म बंदी

पहिल्या महायुद्धाच्या काळात नेहमीची लीग स्पर्धा स्थगित झाली होती. त्या वेळच्या तात्पुरत्या सामन्यांत खेळाडूंना किरकोळ खर्चापलीकडे काहीही देण्यास मनाई होती. चॅपमन १९१६ पासून लीड्सजवळच्या बार्नबो येथील दारूगोळा कारखान्यात व्यवस्थापक म्हणून काम करीत होते. युद्ध संपल्यावर ते क्लबात परतले आणि १९१८ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला.

१९१९ मध्ये पगारावरून क्लबाशी बिनसलेल्या एका खेळाडूने लीड्स सिटीने युद्धकाळात पाहुण्या खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याची तक्रार केली. फुटबॉल असोसिएशन आणि फुटबॉल लीग यांनी क्लबाकडे हिशेबाच्या वह्या मागितल्या. क्लबाने त्या देण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९१९ मध्ये, हंगामाचे आठ सामने झाले असताना, लीड्स सिटीची लीगमधून हकालपट्टी करण्यात आली. लीड्समधील मेट्रोपोल हॉटेलमध्ये क्लबाच्या खेळाडूंचा लिलाव झाला आणि ते निरनिराळ्या क्लबांत विखुरले गेले. चॅपमन यांच्यासह पाच जणांवर आजन्म बंदी घालण्यात आली.

चॅपमन तेव्हा ४१ वर्षांचे होते. सेल्बी येथील एका तेल गिरणीत त्यांनी नोकरी धरली होती, पण १९२० च्या अखेरीस तीही गेली. फुटबॉलची दारे बंद, हातात काम नाही, अशा अवस्थेत हडर्सफील्ड टाउन क्लबाने त्यांच्याशी संपर्क साधला. या क्लबाच्या पाठिंब्याने त्यांनी बंदीविरुद्ध दाद मागितली. आरोपांशी संबंधित काळात आपण कारखान्यात होतो, क्लबात नव्हतो, हे त्यांचे म्हणणे मान्य झाले आणि १९२१ मध्ये बंदी उठली.

हडर्सफील्ड हे कापड गिरण्यांचे, रग्बीप्रेमी शहर होते. तेथे फुटबॉलला बेताचीच गर्दी होई. तेथे चॅपमन यांनी मोजक्या पण अचूक खरेदीवर आणि शिस्तबद्ध बचावावर संघ उभा केला. १९२२ मध्ये हडर्सफील्डने एफए चषक जिंकला. १९२४ आणि १९२५ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. चॅपमन गेल्यानंतर १९२६ मध्ये याच संघाने सलग तिसरे विजेतेपद साधले.

आर्सेनल आणि बकन प्रकरण

१९२५ मध्ये आर्सेनलने व्यवस्थापकपदासाठी जाहिरात दिली. मोठमोठ्या रकमा मोजून खेळाडू विकत घेणाऱ्यांनी अर्जच करू नये, असा त्या जाहिरातीचा रोख होता. क्लबाचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी उत्तर लंडनमधील हायबरी मैदानावर प्रचंड पैसा ओतला होता आणि ते खर्चाला आळा घालू पाहत होते. चॅपमन वर्षाला २,००० पौंड वेतनावर रुजू झाले. त्यांनी पहिलीच मागणी केली ती संडरलँडचे नामवंत आघाडीवीर चार्ल्स बकन यांना घेण्याची.

बकन तिशी ओलांडलेले होते आणि संडरलँडने ४,००० पौंड मागितले. अखेर वेगळाच सौदा ठरला. २,००० पौंड लगेच आणि पहिल्या हंगामातील प्रत्येक गोलमागे १०० पौंड द्यावयाचे होते. बकन यांनी त्या हंगामात २१ गोल केले आणि आर्सेनलला मूळ मागणीपेक्षा १०० पौंड जास्तच मोजावे लागले. संघ मात्र लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला.

या बदलीची दुसरी बाजू १९२७ मध्ये उजेडात आली. लंडनला आल्याने होणाऱ्या नुकसानीची भरपाई म्हणून बकन यांना नियमाबाहेर पैसे दिल्याचे आणि नॉरिस यांनी क्लबाचा पैसा खासगी कामासाठी वापरल्याचे फुटबॉल असोसिएशनच्या चौकशीत समोर आले. नॉरिस यांना फुटबॉलमधून कायमचे दूर करण्यात आले. चॅपमन यांच्यावर कारवाई झाली नाही. तथापि आपल्या सर्वांत महत्त्वाच्या खेळाडूला काय मिळते हे व्यवस्थापकाला खरोखरच ठाऊक नव्हते काय, ही शंका त्यांच्या चरित्रात कायमची राहिली.

पेढीतील नोकरी

नॉरिस गेल्यावर क्लबात चॅपमन यांचा शब्द अंतिम झाला. ऑक्टोबर १९२८ मध्ये त्यांनी बोल्टनकडून डेव्हिड जॅक यांना १०,८९० पौंडांना घेतले. पाच आकडी रकमेची ही पहिलीच बदली होती आणि तिच्यावर सडकून टीका झाली. स्वतः जॅक यांना आर्सेनलमध्येही कमाल मर्यादेएवढाच पगार मिळणार होता. त्यांच्यासाठी मोजलेली रक्कम अशा पगाराच्या पंचवीस वर्षांच्या कमाईहून अधिक होती.

पुढील वर्षी प्रेस्टनचे स्कॉटिश खेळाडू ॲलेक्स जेम्स ८,७५० पौंडांना आर्सेनलमध्ये आले. जेम्स यांना अधिक कमाई हवी होती, पण क्लबाला मर्यादेपलीकडे एक पैही देता येत नव्हती. त्यावर निघालेला मार्ग लक्षणीय होता. लंडनमधील सेल्फ्रिजेस या मोठ्या पेढीने जेम्स यांना क्रीडासाहित्य विभागात वर्षाला २५० पौंडांची नोकरी दिली. खेळाडूच्या वर्षभराच्या कमाल पगाराच्या निम्म्याहून अधिक अशी ही रक्कम होती. लीगने या बदलीची चौकशी केली, पण आर्सेनल दोषी ठरले नाही. पैसा क्लबाचा नव्हता, म्हणून नियमही मोडला नव्हता.

बाहेरच्या कंपनीकडून आलेला पैसा हा खऱ्या व्यवहाराचा मोबदला आहे की नियमाला दिलेली बगल, हा प्रश्न त्या वेळी जेम्स यांच्या नोकरीपुरता होता. आज तोच प्रश्न अब्जावधींच्या प्रायोजकत्व करारांबाबत विचारला जातो. क्लबाच्या मालकाशी संबंधित कंपनीने बाजारभावापेक्षा जास्त रक्कम दिली, तर उत्पन्न फुगते आणि खर्चाची मुभा वाढते. त्यामुळेच अशा करारांचे रास्त मूल्य तपासण्याची तरतूद नव्या नियमांत आली. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपीय महासंघाने प्रायोजकत्वाचे उत्पन्न फुगवून दाखवल्याच्या कारणावरून मँचेस्टर सिटीवर दोन वर्षांची बंदी घातली. क्लबाने आरोप नाकारले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये क्रीडा लवादाने ती बंदी रद्द केली.

उत्पन्नाची नवी वाट

चॅपमन यांच्या काळात सदऱ्यावर जाहिरात नव्हती, दूरचित्रवाणीचे हक्कही नव्हते. क्लबाचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मैदानाच्या दाराशी जमा होणारा तिकिटांचा पैसा. तो वाढवायचा तर माणसे मैदानापर्यंत आली पाहिजेत, हे चॅपमन यांनी ओळखले होते. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्थानकाला क्लबाचे नाव मिळावे म्हणून त्यांनी रेल्वे कंपनीचा पाठपुरावा केला. १९३२ मध्ये त्या स्थानकाचे नाव आर्सेनल झाले. लंडनभरच्या नकाशांवर आणि तिकिटांवर क्लबाचे नाव विनामूल्य झळकू लागले.

त्याच वर्षी हायबरीवर सुमारे ५० हजार पौंड खर्चाची नवी पश्चिम प्रेक्षकसज्जा उभी राहिली. जानेवारी १९२७ मध्ये लीग सामन्याचे पहिले थेट रेडिओ समालोचन याच मैदानावरून झाले होते. प्रकाशझोतातील सामने, सदऱ्यांवर क्रमांक, पांढरा चेंडू अशा अनेक कल्पनांचा चॅपमन यांनी पाठपुरावा केला. फुटबॉलच्या नियामकांनी त्यांतील बऱ्याच तेव्हा नाकारल्या आणि पुढे स्वीकारल्या.

मैदानावरील यशही मागोमाग आले. १९३० मध्ये हडर्सफील्डलाच हरवून आर्सेनलने एफए चषक जिंकला. १९३१ आणि १९३३ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. लोक आर्सेनलला बँक ऑफ इंग्लंडचा क्लब म्हणू लागले. त्या नावात कौतुकाइतकाच मत्सरही होता. जानेवारी १९३३ मध्ये वॉल्सॉलसारख्या तिसऱ्या श्रेणीतील क्लबाने आर्सेनलला चषक स्पर्धेत २-० असे हरवले, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला तो त्यामुळेच.

अखेर

१९३४ च्या पहिल्या दिवसांत कडाक्याच्या थंडीत चॅपमन सामने पाहत फिरत होते. ताप असतानाही ते क्लबाच्या तिसऱ्या संघाचा सामना पाहण्यास गेले. न्यूमोनियाने ६ जानेवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्याच दिवशी हायबरीवर शेफील्ड वेन्सडेविरुद्ध सामना होता. मौन पाळून तो खेळवण्यात आला. त्यांनी घडवलेल्या संघाने १९३४ आणि १९३५ मध्येही लीग जिंकली.

खेळाडूंच्या पगारावरील कमाल मर्यादा अखेर १९६१ मध्ये, खेळाडूंनी संपाचा इशारा दिल्यावर उठली. त्या वेळी ती २० पौंड होती. जॅक आणि जेम्स यांच्या पिढीला त्याचा काहीच लाभ झाला नाही. लहान क्लबांना वाचवण्यासाठी केलेल्या नियमाची किंमत सहा दशके खेळाडूंनी मोजली. आजचे नियम वेगळे आहेत. ते एकेका खेळाडूचा पगार ठरवत नाहीत, तर क्लबाचा खर्च त्याच्या उत्पन्नाशी बांधतात. साहजिकच जो क्लब अधिक कमावतो त्याला अधिक खर्च करता येतो, आणि म्हणून प्रायोजक मिळवण्याची स्पर्धा तीव्र झाली आहे.

आर्सेनलच्या सदऱ्यावर प्रायोजकाचे नाव १९८१ मध्ये आले. २००६ मध्ये क्लबाने हायबरी सोडले आणि एका विमान कंपनीचे नाव धारण केलेल्या नव्या मैदानात तो गेला. २०११ मध्ये त्या मैदानाबाहेर चॅपमन यांचा पुतळा उभारण्यात आला. क्लबाचे नाव रेल्वे स्थानकाला मिळावे म्हणून झटलेल्या या माणसाचा पुतळा, नाव लावण्यासाठी कंपनीने पैसे मोजलेल्या मैदानाकडे पाहत उभा आहे. जवळच्या भुयारी स्थानकाचे नाव मात्र अजूनही आर्सेनल असेच आहे.