ज्यांच्या नावाचं एव्हरेस्ट आहे, ते वऱ्हाडात काय करत होते?

मे महिन्यात अकोला-अमरावतीची माणसं दुपारी दारं लावून कूलरसमोर बसतात. नेमक्या त्याच दिवसांत नेपाळमध्ये एव्हरेस्टवर चढाईची गर्दी असते. पावसाळ्याआधी शिखरावरचा वारा काही दिवस पडतो, आकाश उघडतं. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी वर पोहोचले, तेही अशाच एका स्वच्छ दिवशी. पण ज्यांचं नाव या शिखराला आहे, ते जॉर्ज एव्हरेस्ट त्यावर कधी चढलेच नाहीत. त्यांचा घाम वऱ्हाडात गळला.

१७९० मध्ये जन्मलेले एव्हरेस्ट १८०६ मध्ये भारतात आले आणि १८१८ मध्ये विल्यम लॅम्बटन यांचे सहायक झाले. लॅम्बटन दक्षिण टोकापासून उत्तरेकडे देश मोजत निघाले होते. पद्धत ऐकायला सोपी. जमिनीवरची एक रेघ साखळीने मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीचे कोन घ्यायचे, त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. कोन मोजणारा थिओडोलाइट मात्र सुमारे अर्ध्या टनाचा!

त्यात धुळीमुळे उन्हाळ्यात लांबचं दिसत नसे. म्हणून काम पावसाळ्यात, जंगलात. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात एव्हरेस्टना हिवतापाने असं धरलं की बरं होण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पाठवावं लागलं.

२० जानेवारी १८२३ ला लॅम्बटन हिंगणघाटला वारले आणि जबाबदारी एव्हरेस्टवर आली. इलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, परिसरातलं टाकळखेडा हे या मोजणीचं एक मुख्य ठाणं. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होतं. इथे ताऱ्यांचे कोन घेऊन अक्षांश ठरवला गेला आणि इथूनच त्रिकोणांची साखळी सातपुडा ओलांडून सिरोंजकडे नेली गेली. त्या काळात एव्हरेस्टचे हातपाय इतके लुळे पडले होते की दोन माणसं त्यांना उचलून यंत्रापाशी बसवत. स्क्रू फिरवतानाही कुणीतरी हात धरायचं. तरी त्यांनी सिरोंज गाठलं, मगच १८२५ मध्ये इंग्लंडची बोट धरली.

१८३० मध्ये ते सर्व्हेयर जनरल होऊन परतले. दिवसाच्या धुळीवर त्यांनी रात्रीच्या दिव्यांचा उपाय काढला. १८४१ पर्यंत कन्याकुमारी ते डेहराडून हा सुमारे २,४०० किलोमीटरचा पट्टा मोजून झाला. स्वभावाने ते भयंकर तापट, हाताखालच्यांना सळो की पळो करणारे. पण राधानाथ सिकदारांसारखा गणिती त्यांनीच हेरला. पुढे शिखर क्रमांक १५ जगात सर्वांत उंच असल्याचं दाखवणाऱ्या आकडेमोडीत सिकदारांचा मोठा वाटा होता.

एव्हरेस्ट १८४३ मध्येच निवृत्त झाले होते. १८५६ मध्ये त्यांचे वारसदार अँड्र्यू वॉ यांनी शिखराला त्यांचं नाव सुचवलं, तर खुद्द एव्हरेस्टनीच हरकत घेतली. इथल्या लोकांना ते नाव उच्चारता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १८६५ मध्ये नाव पक्कं झालं आणि १ डिसेंबर १८६६ ला ते गेले.

उच्चाराचं म्हणाल, तर ते स्वतःला ‘ईव्हरेस्ट’ म्हणत. चुकतं आख्खं जगच.