पाळक लँगस्ट्रॉथ व मधमाश्यांची पेटी

लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांचा जन्म २५ डिसेंबर १८१० रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. येल येथे विद्याभ्यास करून ते अँडोवर येथील मंडळीचे पाळक झाले; परंतु प्रकृती ढासळल्यामुळे त्यांस ते काम सोडावे लागले. याच सुमारास त्यांस मधमाश्या पाळण्याचा छंद लागला.

त्या काळी माश्या आपली पोळी पेटीच्या भिंतींस चिकटवीत. मध काढण्यास ती कापावी लागत व पुष्कळ माश्या मरत. १८५१ साली लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले की, सुमारे पाव ते तीन अष्टमांश इंच फट माश्या जाण्यायेण्यास मोकळी राखितात. फट याहून लहान असल्यास राळेने बुजवितात, मोठी असल्यास तेथे पोळे बांधितात. म्हणून प्रत्येक चौकटीभोवती तेवढीच फट राहील, अशी त्यांनी पेटीची मापे बदलली. तेव्हा चौकटी सहज निघू लागल्या व माश्यांचे घरही वाचले.

१८५२ साली त्यांस पेटंट मिळाले. तथापि इतरांनी पेटीची नक्कल केली व त्यांच्या हाती फारसे द्रव्य आले नाही. खिन्नतेच्या विकारानेही त्यांस वारंवार ग्रासिले. ६ ऑक्टोबर १८९५ रोजी डेटन येथे उपदेशास आरंभ करिताच व्यासपीठावर ते प्रभूमध्ये निजले.

प्रिय वाचकहो, माशीस देवाने दिलेला स्वभाव त्यांनी मोडिला नाही; त्यास साजेशी पेटी केली. दुर्बळांशी वागताना आपणही तसेच करावे.