वाघाची खरी ओळख करून देणारे प्रेटर

‘वाघ’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं. वाघ हा क्रूर प्राणी आहे! या वाक्यापलीकडचा वाघ ज्यांनी मुंबईत राहून लोकांपुढे मांडला, ते स्टॅन्ले हेन्री प्रेटर.

त्यांचा जन्म १८९० साली निलगिरीत झाला. वडील कॉफीचे मळेवाले. शिक्षण मात्र मुंबईत, माझगावच्या सेंट मेरीज शाळेत. १९०७ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत कामाला लागले. संस्थेने देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तिच्यातही त्यांनी काम केलं. १९२३ मध्ये ते क्युरेटर झाले. काळाघोड्याच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, प्राणिविभाग घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

तो काळ शिकारीचा. वाघ मारणं म्हणजे शौर्य! संस्थेच्या सभासदांतही शिकारी पुष्कळ. अशा वेळी, १९३३ च्या सुमारास, प्रेटर यांनी वन्यप्राणी वाचवण्याचा प्रश्न लेखांतून मांडला. पुढे १९४८ मध्ये त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन ॲनिमल्स’ हे पुस्तक आलं. प्राणी कसा दिसतो एवढ्यावर न थांबता तो कसा जगतो, हेही त्यात सोप्या भाषेत आहे.

वाघाचंच बघा. तो बहुधा एकटा राहतो. मुलूख आखतो तो लघवीच्या वासाने आणि झाडांवरच्या ओरखड्यांनी. ऊन त्याला सोसत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाण्यात बसतो. दबा धरून झडप घालतो, पण बहुतेक झडपा वाया जातात. मिळालेली शिकार झाडीत ओढून नेतो आणि पुरवून खातो. पिल्लं साधारण दोन वर्षं आईजवळ राहून शिकार शिकतात. म्हणजे एक वाघीण मारली की तिची लहान पिल्लंही बहुधा गेलीच. यात क्रूर कोण?

प्रेटर १९६० मध्ये वारले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, व्याघ्र प्रकल्प १९७३ चा. दोन्ही त्यांना पाहायला मिळाले नाहीत.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मुलांना हे म्युझियम काही लांब नाही. एखाद्या सुट्टीत प्राणिविभाग दाखवा आणि एका प्राण्याच्या पाच सवयी लिहायला सांगा. ‘क्रूर’ हा शब्द न वापरता.