फरोख बुलसारा ऊर्फ फ्रेडी मर्क्युरी

आमच्या भागात बँड हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतात ते लाल कोट, पितळी बटणे, दोन-चार पिपाण्या, एक बँजो आणि गळ्यात ढोल अडकवून नवरदेवाच्या परण्यापुढे उलट पावली चालणारा माणूस. लगीनसराईत अहमदपूरच्या रस्त्यांवरून असे बँड जाताना आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्या ढोलवाल्यांपैकी एक माझे वडील आहेत. हे एवढे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली. प्रथम वर्षाच्या प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी शेती असे लिहिले होते. आम्हाला शेत नाही.

मित्रहो, ज्याची हकिगत मी आज सांगणार आहे त्याचाही एक बँड होता. तो साऱ्या जगात गाजला. गेल्या वर्षी क्रीडास्पर्धांच्या वेळी मैदानावर एक ठेका लावला होता, तो आपल्याला आठवत असेल. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. बघता बघता सारे मैदान त्या ठेक्यात सामील झाले. हे गाणे कोणाचे, म्हणून मी शोधू लागलो, तेव्हा कळले की ते इंग्लंडमधल्या क्वीन नावाच्या बँडचे आहे, १९७७ सालचे आहे आणि त्या बँडचा गायक शिकला तो आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला! रात्री घरी वडिलांना तो ठेका ऐकवला. त्यांनी जेवता जेवता ताटाच्या कडेवर तसाच्या तसा वाजवून दाखवला आणि पुन्हा भाकरी मोडली. त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र त्या गायकाने झोपू दिले नाही.

फरोख बुलसाराचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर झाला. हे बेट लवंगांसाठी प्रसिद्ध. आईवडील पारशी. आडनावच सांगते की घराणे मूळचे गुजरातेतील बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील बोमी बुलसारा इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते, आई जेर घर सांभाळी. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आठ वर्षांच्या फरोखला बोटीत बसवून मुंबईला आणि तेथून घाट चढून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठविण्यात आले. आठ वर्षांचा मुलगा आणि मध्ये अख्खा समुद्र! मी अठराव्या वर्षी तीस किलोमीटरवरून येऊन वसतिगृहात राहिलो तर पहिले आठ दिवस पांघरुणात तोंड घालून रडलो होतो. त्याला तर सुट्टीतही दर वेळी घरी जाता येत नसे. तो मुंबईला मावशीकडे आणि आजीकडे राही.

पाचगणीत त्याच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे फरोखचा फ्रेडी झाला. शाळेतल्या मुलांनी हाक मारायला सोपे म्हणून हे नाव पाडले आणि पुढे घरच्यांनीही ते स्वीकारले. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात ओठांबाहेर येत. म्हणून मुले त्याला बक्की असेही चिडवीत. हसताना तोंडावर हात धरायची सवय त्याला जन्मभर राहिली. पुढे पैसा आला तरी त्याने ते दात काढले नाहीत, कारण जबड्याची ठेवण बदलली तर आवाजही बदलेल, अशी त्याला भीती वाटे.

दुसरी गोष्ट म्हणजे पियानो. रेडिओवर ऐकलेले गाणे हा मुलगा पियानोवर बसून लगेच वाजवतो, हे शिक्षकांच्या ध्यानात आले. घरच्यांनी जास्तीची फी भरली आणि रीतसर शिक्षण सुरू झाले. १९५८ च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, शाळेतल्या पाच मुलांनी मिळून द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. एल्व्हिस प्रिस्ली, क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. गंमत अशी की, पुढे ज्याच्या आवाजाने जग वेडे झाले तो फ्रेडी या बँडचा मुख्य गायक नव्हताच! गात असे ब्रूस मरे हा मुलगा. फ्रेडी बाजूला पियानोवर. बाकीच्यांतला डेरिक ब्रांच पुढे इंग्लंडमध्ये नट झाला आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर चढून सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. बँडमधून माणूस कुठे जाईल ते सांगता येत नाही.

पण बँडपायी म्हणा किंवा आणखी कशापायी म्हणा, फ्रेडीचा अभ्यास मागे पडला. दहावीत तो गडबडला आणि १९६३ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली. सुलतानाला पळावे लागले, हजारो अरब व हिंदी लोकांची कत्तल झाली. आपल्याकडील वृद्ध माणसे रझाकारांच्या काळात रातोरात गाव सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेल्याचे सांगतात, त्याची येथे आठवण येते. बुलसारा कुटुंबही हाती लागले ते घेऊन निघाले आणि लंडनजवळच्या फेल्टम गावी एका लहानशा घरात राहू लागले. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता.

इंग्लंडमध्ये त्याने ईलिंगच्या कलाशाळेतून चित्रकला व आरेखनाची पदविका घेतली. शिकता शिकता हीथ्रो विमानतळावर ओझी उचलली. नंतर केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचे दुकान चालविले. त्याच्या कलाशाळेतला एक मित्र स्माईल नावाच्या बँडमध्ये गात असे. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना हजर राही आणि कसे उभे राहावे, कसे कपडे घालावे याचे न मागता सल्ले देई. १९७० मध्ये तो मित्र बँड सोडून गेला आणि सल्ले देणाऱ्यालाच त्याच्या जागी उभे राहावे लागले.

बाकीचे साथीदारही तुमच्याआमच्यासारखे विद्यार्थी होते. गिटार वाजविणारा ब्रायन मे खगोलशास्त्राचा अभ्यास करीत होता. त्याची गिटार त्याने वडिलांच्या मदतीने घरीच, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून बनविली होती आणि ती तो सहा पेन्सांच्या नाण्याने छेडी. बँडपायी अर्धवट राहिलेली पीएच. डी. त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. (प्रबंध रखडलेल्या आपल्या प्राध्यापकांनी धीर सोडू नये!) ढोल वाजविणारा रॉजर टेलर दंतवैद्यकाचा अभ्यासक्रम सोडून आलेला. १९७१ मध्ये आलेला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. बँडचे क्वीन हे नाव फ्रेडीने ठेवले, त्याचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. चौघांच्या राशी त्यात आहेत: दोन सिंह, एक खेकडा आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या.

याच सुमारास त्याने आडनाव बदलले. बुलसाराच्या जागी मर्क्युरी, म्हणजे बुध.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. पाचगणीत पहिले नाव गेले, लंडनमध्ये आडनाव गेले. पुढे कीर्तीच्या शिखरावर असताना तो वार्ताहरांशी झांझिबारबद्दल किंवा पाचगणीबद्दल क्वचितच बोले. तो पारशी आहे, लहानपणी भारतात वाढला आहे, हे त्याच्या असंख्य चाहत्यांना माहीतही नव्हते. क्वीनचा कार्यक्रम त्याच्या हयातीत भारतात कधी झाला नाही. काही जण त्याला यासाठी दोष देतात. पण ते इंग्लंड कसे होते, हेही पाहिले पाहिजे. १९६८ साली इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने काळ्या-सावळ्या लोकांना येऊ देऊ नका, असे जाहीर भाषण केले आणि त्याच्या बाजूने मोर्चे निघाले. अशा देशात बुलसारा नावाच्या मुलाने रॉक संगीत गावे, हे किती जणांनी ऐकून घेतले असते? मी त्याला भित्रा म्हणणार नाही. ज्याने अर्जावर शेती लिहिले त्याला तो अधिकार नाही. तरी पाचगणीच्या पियानोचा तो एकदा जाहीरपणे अभिमानाने उल्लेख करता तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

१९७३ मध्ये क्वीनची पहिली तबकडी निघाली, ती फारशी चालली नाही. पुढच्या वर्षी थोडे नाव झाले. १९७५ मध्ये मात्र फ्रेडीने बोहेमियन ऱ्हाप्सडी हे गाणे रचले आणि चमत्कार झाला. हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे. त्याला ध्रुवपद नाही. आरंभी एकटा आवाज आणि पियानो, जणू कोणी आईजवळ अपराध कबूल करतो आहे. मधेच संगीत नाटकातल्यासारखा अनेक आवाजांचा कल्लोळ, त्यात बिस्मिल्ला हा शब्दसुद्धा येतो. मग गिटारी आणि ढोल यांचे तुफान. आणि शेवटी पुन्हा शांत. तो कल्लोळ ऐकून शंभर माणसे गात असावीत असे वाटते. प्रत्यक्षात तिघेच जण एकावर एक आवाज चढवीत गेले. फीत इतक्या वेळा फिरविली की झिजून तिच्या आरपार दिसू लागले! एवढे लांब गाणे कोण वाजवणार, असे कंपनीचे म्हणणे पडले. पण केनी एव्हरेट या रेडिओ निवेदकाने ते दोन दिवसांत चौदा वेळा वाजविले आणि मग ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

त्यानंतरच्या यशाची जंत्री देत नाही. १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात एका रात्री सव्वा लाखाहून अधिक लोक त्यांना ऐकायला आले होते, एवढे सांगितले तरी पुरे. एक डाग मात्र सांगितलाच पाहिजे. १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर जगातील कलावंतांनी बहिष्कार घातलेला असताना क्वीनने तेथील सन सिटीत जाऊन कार्यक्रम केले. त्यांच्यावर टीका झाली, संगीतकारांच्या संघटनेने दंडही केला. ज्याला स्वतःच्या वर्णामुळे नाव झाकावे लागले, त्याने तेथे जाऊन गावे, हे माझ्या मनाला पटलेले नाही.

त्यानंतर वर्षाच्या आतच, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बले मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सुमारे बहात्तर हजार श्रोते समोर. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस-एकवीस मिनिटे. मी ते चित्रीकरण अनेकदा पाहिले आहे. पांढरी बनियन, मिशा, हातात ध्वनिक्षेपकाची अर्धीच दांडी. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात ती दांडी मोडली होती, तेव्हापासून त्याने ती तशीच ठेवली. तो एक आलाप घेतो आणि बहात्तर हजार माणसे तो परत करतात. कीर्तनकाराने गजर सुरू करावा आणि मंडपाच्या शेवटच्या माणसाने तो उचलावा, तसे ते दृश्य आहे. बाजूला पियानोवर बसणाऱ्या, तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या मुलाचा येथे मागमूसही नाही.

त्याच्या खासगी आयुष्याविषयी आपल्याकडे कुजबुजीनेच बोलतात, म्हणून मी सरळ लिहितो. मेरी ऑस्टिन या तरुणीवर त्याने प्रेम केले. पुढे आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्याने तिला सांगितले, तरी ती अखेरपर्यंत त्याची सर्वांत जवळची मैत्रीण राहिली आणि घरही त्याने तिच्याच नावे ठेवले. शेवटची काही वर्षे जिम हटन हा त्याचा सोबती होता. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत असे संबंध गुन्हा होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये गुन्ह्यातून वगळले.

१९८७ मध्ये त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. त्या वेळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. गुणकारी मिश्र उपचार १९९६ च्या सुमारास आले आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत ती औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली. आपल्याच लातूर जिल्ह्यात हासेगावला एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय आहे. तेथील मुले आज औषधे घेतात, शिकतात, गातात. फ्रेडीला ती संधी मिळाली नाही. उभे राहण्याचे बळ नसतानाही तो गाणी ध्वनिमुद्रित करीत राहिला. आपले दुखणे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जगाला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याची प्राणज्योत मालवली.

अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. मर्क्युरीच्या चाहत्यांना अनोळखी अशा प्राचीन अवेस्ता भाषेतील प्रार्थना म्हटल्या गेल्या. आईवडील हयात होते. त्याच्या अस्थी कोठे ठेवल्या ते मेरीने आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

फेल्टममधील त्या लहान घरावर १ सप्टेंबर २०१६ रोजी निळी गोल पाटी लावण्यात आली. त्या वेळी त्याची धाकटी बहीण कश्मीरा आणि ब्रायन मे हजर होते. पाटीवर मोठ्या अक्षरांत फ्रेडी मर्क्युरी असे नाव आहे. खाली कंसात, लहान अक्षरांत, फ्रेड बुलसारा. फरोख तेथेही नाही.