बापाची साधी पेटी सोडून तो शहरात गेला, आणि त्याच पेटीच्या सुरांनी त्याला ब्राझीलचा ‘राजा’ केलं

ॲकॉर्डियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ‘संगम’मधला राज कपूर येतो. गळ्यात अडकवलेली ती चकचकीत पेटी, एका बाजूला पियानोसारख्या पट्ट्या आणि मधे उघडमीट करणारा भाता.

पण ॲकॉर्डियनचा एक जुना, गरीब भाऊ आहे. त्याला पियानोच्या पट्ट्या नसतात, नुसती बटणं असतात. दिसायला तो सोपा वाटतो, पण शिकायला बसलं की घाम फोडतो. या बटणांच्या पेटीवर एका शेतमजुराच्या पोराने हात बसवला, नंतर तिला मागे टाकलं, आणि वयाच्या सत्ताविशीत चार कॉलेजकुमारांच्या हट्टामुळे त्याला तिच्याकडे परत यावं लागलं. त्यातून ब्राझीलच्या संगीताचा नकाशाच बदलला.

त्याचं नाव लुईझ गोंझागा.

ब्राझील म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारे, फुटबॉल आणि ॲमेझॉनचं जंगल आठवतं. पण देशाच्या ईशान्येला एक मोठा कोरडा पट्टा आहे, त्याला सेर्ताव म्हणतात. काटेरी झुडपं, तापलेली जमीन आणि कधी येईल याचा भरवसा नसलेला पाऊस. 1877 ते 1879 च्या दुष्काळात या भागात लाखो माणसं मेली. 1915 साली पुन्हा तेच. गुरं मरायची, विहिरी आटायच्या आणि माणसं बोचकी बांधून शहराची वाट धरायची.

याच पट्ट्यात, पर्नांबुको राज्यातल्या एशू गावाजवळ 13 डिसेंबर 1912 ला लुईझचा जन्म झाला. त्याच्या नावाचीही गंमत आहे. तो दिवस संत लुझियाचा म्हणून लुईझ. पाद्रीबाबांनी सुचवलं म्हणून संत लुईझ गोंझागाच्या नावावरून गोंझागा. आणि डिसेंबर हा येशूच्या जन्माचा महिना म्हणून शेवटी ‘नासिमेंतो’, म्हणजे जन्म. थोडक्यात, पूर्ण नावात बापाचं आडनाव कुठेच नाही. बापाकडून मिळालं ते वेगळंच.

बाप जानुआरिओ दिवसा शेतात राबायचा. पण पंचक्रोशीत त्याची ओळख होती ती पेटीवाला म्हणून. लग्न असो, जत्रा असो, रात्रभर चालणारा नाच असो, जानुआरिओ लागायचाच. शिवाय तो मोडलेल्या पेट्या दुरुस्त करायचा. त्यामुळे घरात सतत कुणाची ना कुणाची पेटी उघडून पडलेली. लुईझची शाळा म्हणजे हीच. बाप रीड घासून सूर लावतोय, आणि पोरगं बाजूला बसून दुरुस्त झालेल्या पेटीवर हात फिरवतंय.

आता ही पेटी नक्की काय असते ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आपल्या बाजाच्या पेटीत एक पट्टी दाबली की एकच सूर वाजतो. भाता कसाही हलवा, सूर तोच. बटणांच्या पेटीत तसं नसतं. भाता आत ढकलताना एक बटण जो सूर देतं, तेच बटण भाता बाहेर ओढताना दुसरा सूर देतं. माउथ ऑर्गन वाजवला असेल तर लगेच कळेल: फुंकलं की एक सूर, हवा आत ओढली की दुसरा. तत्त्व तेच, फक्त तोंडाच्या जागी हात.

म्हणजे नवशिक्याला साधं सारेगम वाजवायचं असेल, तर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सा ला ढकला, रे ला ओढा, ग ला ढकला, म ला ओढा, प ला ढकला. इथवर लय बसते न बसते तोच ध आणि नी दोन्ही लागोपाठ ओढायचे, आणि वरच्या सा ला पुन्हा ढकलायचं. नवीन माणूस नेमका इथेच अडखळतो. गावोगावी ट्यूनिंगही थोडं बदलतं, त्यामुळे एका पेटीवरचा हात दुसरीवर चालेलच असं नाही. त्यात हवा संपण्याची भीती. एकाच दिशेचे सूर जास्त आले की भाता पूर्ण उघडतो आणि पुढे वाजवायला जागाच उरत नाही. मग हळूच हवा सोडायचं एक वेगळं बटण दाबून भाता जागेवर आणायचा, तोही ताल न चुकवता.

बोटं काय करतायत यापेक्षा हात कुठल्या दिशेला चाललाय हे आधी शिकावं लागतं. कागदावर लिहून हे फार जमत नाही. ऐकायचं, बघायचं आणि चुकत राहायचं.

पण या अडचणीतच एक मजा आहे. सतत ढकल-ओढ असल्यामुळे सुरांना आपोआप एक झटका मिळतो. धाप लागल्यासारखी लय तयार होते आणि पाय आपसूक हलतात. सेर्तावमधली पेटी ‘आठ बेसची’, म्हणजे उजव्या हाताला चालीसाठी बटणांच्या ओळी आणि डाव्या हाताला साथीची फक्त आठ बटणं. हलकी, आवाजाला खणखणीत. गरिबाच्या नाचाला आणखी काय लागतं?

पोरगं पटकन तयार झालं. बापासोबत नाचगाण्यांना जाऊ लागलं, बाप दमला की पेटी हातात घेऊ लागलं. गावातल्या एका बड्या जमीनदाराकडून पैसे उसने घेऊन त्याने स्वतःची पेटी घेतली, तेव्हा तो जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा होता. सतरा-अठराव्या वर्षी तो आसपासच्या भागात नावाजलेला वादक होता.

आणि मग भानगड झाली.

लुईझ प्रेमात पडला. मुलीच्या वडिलांना हा पेटीवाला, काळा, गरीब पोरगा जावई म्हणून मान्य नव्हता. लुईझने तरुण रक्ताच्या जोरावर त्यांनाच धमकी दिली. गोष्ट आईच्या, सांतानाच्या कानावर गेली. तिने पोराला असं बदडलं की मारापेक्षा अपमानच जास्त झोंबला. 1930 साली लुईझ घर सोडून पळाला, फोर्तालेझा शहर गाठलं आणि सैन्यात भरती झाला.

त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सत्तापालट झाला आणि नवा शिपाई तुकडीबरोबर राज्याराज्यांत फिरत राहिला. सैन्यात तो बिगुल वाजवायचा. इतका कडक, की सोबत्यांनी त्याचं नाव ‘पोलादी चोच’ ठेवलं. पण सैन्याच्या वाद्यवृंदात जायची वेळ आली तेव्हा तो नापास झाला. कारण काय, तर त्याला स्वरांची सप्तकंच ठाऊक नव्हती! लहानपणापासून नाच गाजवणाऱ्या माणसाला सूर हातात माहीत होते, त्यांची नावं माहीत नव्हती.

तो पुन्हा नवशिक्या झाला. जुईझ दे फोरा या गावात दोमिंगोस अंब्रोसिओ नावाचा एक शिपाई चांगला ॲकॉर्डियनवादक होता. त्याच्याकडे लुईझ मोठी पेटी शिकू लागला. ही पियानोच्या पट्ट्यांची. हिच्यावर भाता कुठेही जावो, सूर बदलत नाही. कुठल्याही पट्टीत वाजवा, अडत नाही. सर्वांत मोठ्या पेटीत डाव्या हातालाच 120 बटणं असतात, बापाच्या पेटीच्या पंधरा पट. वॉल्ट्झ, पोल्का, टँगो, जे जे शहरात चालायचं ते सगळं तो शिकला.

1939 साली नियमाप्रमाणे दहा वर्षांच्या आत नोकरी संपली. गावाकडे जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तो रिओ दे जानेरोत थांबला. एका सोबत्याने सांगितलं, मांगे नावाच्या वस्तीत पेटी वाजवून पैसे मिळतात. मांगे म्हणजे रिओची बदनाम वस्ती, बंदराजवळची, खलाशांनी आणि दारूच्या गुत्त्यांनी भरलेली. लुईझ तिथे उभा राहून परदेशी धून वाजवायचा आणि टोपी फिरवायचा. जहाज आलं नि गेलं, हा तिथेच राहिला.

रेडिओवर नवोदितांच्या स्पर्धा चालायच्या. आरी बारोसो या मोठ्या संगीतकाराच्या कार्यक्रमात लुईझ जायचा, टँगो-वॉल्ट्झ वाजवायचा आणि किरकोळ गुण घेऊन परत यायचा. साहजिकच होतं. तशी धून वाजवणारे रिओत पैशाला पासरी मिळत होते.

1940 च्या सुमारास मांगेमधल्या एका बारमध्ये सेआरा राज्यातले काही विद्यार्थी आले. हाही त्यांच्याच भागातला आहे हे कळल्यावर त्यांनी गावाकडचं काहीतरी वाजवायची फर्माईश केली. लुईझ ओशाळला. ती चाल आठवत होती, पण शहरात ती वाजवायची लाज वाटत होती. शिवाय सवय तुटली होती. पुढच्या वेळी वाजवतो असं सांगून त्याने वेळ मारून नेली.

आणि खोलीवर बसून तो रियाजाला लागला.

इथे खरी कसोटी होती. मोठ्या पेटीवर भाता लांब, सरळ ओढता येतो, सूर गुळगुळीत निघतात. पण गावच्या नाचाला लागतो तो तुटक, धापा टाकणारा झटका. तो बापाच्या पेटीत वाद्यामुळेच यायचा. इथे तो हाताने मुद्दाम आणावा लागणार होता. जे विसरायला दहा वर्षं घालवली तेच नव्या यंत्रावर पुन्हा उभं करायचं होतं.

विद्यार्थी परत आले तेव्हा त्याने दोन धून वाजवल्या. बार भरून गेला, लोक रस्त्यावरून आत डोकावू लागले, टोपी पैशांनी भरली. त्यातलीच ‘व्हिरा इ मेशी’ ही धून घेऊन तो आरी बारोसोच्या कार्यक्रमात गेला आणि या वेळी पैकीच्या पैकी गुण घेऊन आला. मार्च 1941 मध्ये आरसीए व्हिक्टरने त्याच्या पहिल्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या.

तरी गाणं म्हणायची परवानगी मिळायला आणखी चार वर्षं गेली. त्याचा खेडवळ आवाज कंपनीला पसंत नव्हता. 1945 साली त्याच्या आवाजातली पहिली तबकडी आली. त्याच वर्षी त्याला सेआराचा एक वकील भेटला, उंबेर्तो तेशेरा. दोघांनी मिळून सेर्तावमधला ‘बायाव’ हा ताल शहरी श्रोत्यांसाठी बांधला. सोबतीला झाबुंबा नावाचा ढोल आणि लोखंडी त्रिकोण. तीन वाद्यांचा हा संच आज ब्राझीलच्या फोरो संगीताची ओळख आहे.

3 मार्च 1947 ला ध्वनिमुद्रित झालेलं ‘आझा ब्रांका’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं. आझा ब्रांका हे एका रानकबुतराचं नाव. दुष्काळात हा पक्षीही मुलूख सोडून उडून जातो, आणि गाण्यातला शेतकरीही निघतो, पाऊस पडला की परतायचं वचन देऊन. स्टुडिओतल्या वादकांनी आधी त्याची टिंगल केली. त्यांना ते भीक मागायच्या गाण्यासारखं वाटलं. पण पोट भरायला शहरात आलेल्या लाखो ईशान्येकडच्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं. रेडिओवर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या घरचं बोलत होतं.

वेशाचंही तसंच. दक्षिणेकडचा पेद्रो रायमुंदो हा वादक आपल्या मुलखाच्या गुराख्यांचा पोशाख घालून रेडिओवर यायचा. ते बघून लुईझने सेर्तावची चामडी टोपी डोक्यावर चढवली. रेडिओच्या साहेबांनी आधी मनाई केली. पुढे ती टोपीच त्याचं चिन्ह झाली. 1953 च्या दुष्काळात झे दांतास या डॉक्टर मित्रासोबत केलेल्या गाण्यात तर त्याने सरकारला सरळ सुनावलं, की धडधाकट माणसाला भीक देऊ नका, त्याने तो लाजेने मरतो. धरणं बांधा, काम द्या.

मधे 1946 साली तो सोळा वर्षांनी घरी गेला होता. रात्री दार ठोठावलं तेव्हा कंदील घेऊन आलेल्या जानुआरिओने पोराला ओळखलंच नाही, हा किस्सा तो पुढे आयुष्यभर रंगवून सांगायचा. रेडिओस्टार आपली झगमगीत 120 बेसची पेटी मिरवत गावात आला खरा, पण गावकऱ्यांनी त्याचे पाय जमिनीवर आणले: पेटी कितीही मोठी असो, आठ बेसवाला जानुआरिओच थोर, तेव्हा बापाचा मान राख. लुईझने ही फजिती लपवली नाही. 1950 साली त्याने तिचंच गाणं केलं, ‘रेस्पेता जानुआरिओ’, आणि ते तुफान चाललं.

स्वतः बाप म्हणून मात्र तो इतका नशीबवान नव्हता. मुलगा गोंझागिन्याची आई क्षयाने गेली, आणि लुईझ दौऱ्यांवर असल्याने पोरगं रिओच्या झोपडपट्टीत मानलेल्या आईबापांकडे वाढलं. गोंझागिन्या पुढे मोठा गायक झाला, पण दोघांमध्ये वर्षानुवर्षं कडवटपणा होता. तो निवळला 1980 च्या आसपास, दोघांनी एकत्र दौरा केला तेव्हा. 2012 साली या बापलेकांवर सिनेमाही आला.

साठच्या दशकात बोसा नोव्हा आणि रॉकच्या लाटेत बायाव मागे पडला. 1968 मध्ये तर एका निर्मात्याने बीटल्स ‘आझा ब्रांका’ गाणार अशी थाप ठोकून दिली आणि लोकांनी ती खरी मानली. व्हॉट्सॲप नसतानाही हे जमायचं! पण नव्या पिढीने त्याला खरोखर उचलून धरलं. हद्दपार होऊन लंडनमध्ये राहणाऱ्या काएतानो व्हेलोझोने 1971 मध्ये हे गाणं गायलं, तेव्हा घर सोडावं लागण्याचा त्यातला अर्थ आणखी वेगळा झाला.

2 ऑगस्ट 1989 ला रेसिफे शहरात लुईझ गोंझागा गेला. एशूमध्येच त्याला पुरलं. त्याचा वाढदिवस, 13 डिसेंबर, ब्राझीलमध्ये राष्ट्रीय फोरो दिन म्हणून साजरा होतो.

1950 च्या आसपास गारान्युन्स गावातल्या एका हॉटेलबाहेर लहान भावंडं पेटी वाजवत होती. त्यांचा बापही जानुआरिओसारखाच, आठ बेसची पेटी वाजवणारा आणि दुरुस्त करणारा. लुईझने त्यांना रिओचा आपला पत्ता दिला. काही वर्षांनी बाप पोरांना घेऊन खरोखरच दारात हजर झाला. लुईझने त्यातल्या एका पोराच्या हातात नवी पेटी ठेवली. तो पोरगा म्हणजे दोमिंगिन्योस, जो पुढे ब्राझीलचा सर्वांत मोठा ॲकॉर्डियनवादक मानला गेला.