जपानचा पहिला जगज्जेता, गुरू मात्र अमेरिकन
मंडळी, योशिओ शिराई महायुद्धात जपानच्या नौदलात होता. युद्ध संपलं तेव्हा देश हरलेला, खायचे वांधे, त्यात कंबर धरलेली. बॉक्सिंग सुटल्यातच जमा होतं. अशात त्याला हेरलं आल्विन कान यांनी. माणूस अमेरिकन, म्हणजे कालचा शत्रू! वर प्राणिशास्त्रज्ञ, बॉक्सिंगशी तसा संबंध नाही. त्यांनी आधी त्याला पोटभर सकस खाऊ घातलं, मग मार चुकवून मारायला शिकवलं. १९ मे १९५२ रोजी टोकियोत शिराईने डॅडो मारिनोला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. ५१ किलोच्या आतला गडी जगज्जेता झाला! १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझने किताब नेला. कान यांना मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं ते शिराईनेच.